सहा डोळे की आठ

आमच्या घरात काचेचे पेले बारा होते, तरी पाहुण्यांना पाणी आम्ही कपातून द्यायचो. नव्याने आलेल्या माणसाला वाटे, ही मंडळी एकतर चिक्कू आहेत नाहीतर वेंधळी. खरी गोष्ट अशी की बारांपैकी पाच-सहा पेले खिडकीत पालथे असायचे आणि प्रत्येकाखाली एकेक कोळी बसलेला असायचा.

लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. आता अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली. सकाळी गोळी घेतली की नाही हे दुपारी आठवत नाही, पण ती पेल्यांची रांग अजून डोळ्यांपुढे जशीच्या तशी उभी राहते. माझे सासरे, म्हणजे मामंजी, चष्मेवाले होते. रस्त्याच्या बाजूला दुकान, दुकानाच्या मागे आणि वर घर. नियम त्यांनीच घातलेला. कोळी दिसला की चप्पल उचलायची नाही. पेला पालथा घालायचा, खालून दुकानातलं जुनं कार्ड सरकवायचं, पेला खिडकीत ठेवायचा आणि आपापल्या कामाला लागायचं. निकाल मामंजी संध्याकाळी दुकान बंद केल्यावर देत.

ती कार्डं डोळे तपासण्याची. त्यांवर उजवा डोळा, डावा डोळा आणि शेरा असे तीन रकाने छापलेले. उजव्या डोळ्याखाली आम्ही सापडल्याची जागा लिहायचो, ‘न्हाणीघर, नळामागे’. डाव्याखाली वागणूक, ‘पळत होता’ किंवा ‘मख्ख’. शेरा मामंजींसाठी मोकळा. निकाल लागेपर्यंत पेल्यापाशी वाकून बघायला सक्त मनाई होती, कारण श्वासाने काच धुरकट होते आणि मग ती पुसत बसावी लागते. हळूहळू आम्हा सगळ्यांना सवयच झाली, कोळी पकडायचा आणि त्याच्याकडे पाठ फिरवायची. बघणं हे मामंजींचं काम.

त्यांची शिकवणी मात्र दिवसभर चाले. आकाराला भुलू नका, हे पहिलं. छतावर हाताएवढा चपटा कोळी बसलेला दिसला की मी बोंब मारायची आणि ते वर न बघताच सांगायचे, तो झुरळं खातो, त्याला राहू दे. कोपऱ्यात काड्यांसारख्या पायांवर झुलणारा निरुपद्रवी, खिडकीत टुणकन उड्या मारणारा निरुपद्रवी आणि वर विनोदी. भीती बाळगायची ती लाजऱ्यांची. एक काळा, लकाकणारा, मण्यासारख्या गोल पोटाचा. तो जमिनीलगत, कुंड्यांखाली, विस्कटलेलं चिवट जाळं करतो आणि त्यात उलटा लटकतो. पोटाच्या खालच्या बाजूला लाल खूण असली की पेला हलवायचाही नाही. दुसरा तपकिरी, पायांवर पट्टे नाहीत, बुटांत आणि खोक्यांत लपणारा. त्याच्या पाठीवर व्हायोलिनसारखा डाग असतो म्हणतात, पण तसले डाग साध्यासुध्या कोळ्यांवरही दिसतात, म्हणून डागावर जायचं नाही. डोळे मोजायचे. बाकीच्या बहुतेकांना आठ, याला सहा, दोन-दोनच्या तीन जोड्या. डोळे मोजण्यापूर्वी मामंजी कोळ्याला पेल्यासकट दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायचे, म्हणजे तो गारठून स्वस्थ बसे. नवाकोरा फ्रिज, सगळ्या गल्लीत पहिला, आणि त्यात दुधाशेजारी कोळी. दूध घालायला येणाऱ्या दोन बायकांनी आमचं घर सोडलं.

सासूबाई या सगळ्याला हसायच्या. त्या दुकानात मागे बसून चष्म्यांच्या काड्यांचे बारीक स्क्रू बसवायच्या, तीळभर स्क्रू, भिंगाशिवाय. नणंद टेलिफोन खात्यात होती, तिची पाळी बदलती. निरुपद्रवी ठरलेले कोळी संध्याकाळी अंगणापलीकडच्या कुंपणात सोडून यायचं काम तिचं. माझे हे फिरतीवर, महिन्यातून आठ दिवस घरी.

मला त्या वर्षी एकच गोष्ट हवी होती. घराच्या मागे एक मोठी रिकामी खोली होती, अंगणाला लागून, आणि मला तिथे पाळणाघर काढायचं होतं. सूतगिरणीत जाणाऱ्या सात जणी माझ्या भरवशावर बसल्या होत्या. त्यांतली एक तर तान्ह्या मुलीला खोक्यात घालून यंत्राशेजारी ठेवत होती. मी भिंती स्वतः रंगवल्या, सात छोट्या गाद्या शिवल्या, लाकडी ठोकळे घासून गुळगुळीत केले. राहिली होती ती पाळणाघरं तपासणाऱ्या सरकारी खात्याची परवानगी. तपासणीसबाई वर्षातून एकदाच आमच्या भागात यायच्या. त्यांनी नाही म्हटलं की पुढच्या वर्षापर्यंत हात चोळत बसा.

आता इथे बटणाची गोष्ट सांगायला हवी. बाई यायच्या तीन आठवडे आधी नणंदेच्या कोटाचं एक काळं बटण तुटून पडलं, चारही भोकांतून दोरे लोंबत होते. कोणीतरी घाईत त्याच्यावर पेला घातला. मामंजींनी संध्याकाळी ते भिंगाखाली धरलं, बराच वेळ पाहिलं आणि शेरा लिहिला, ‘निरुपद्रवी. अशक्त वाटतो. बाहेर सोडावा.’ आम्ही जमिनीवर बसून हसलो. मामंजी मधूनमधून असा गंभीर चेहऱ्याने विनोद करायचे, तेव्हा हाही त्यातलाच, असं धरून चाललो. ते मात्र आमच्याकडे जरा चमकून बघत होते, हे मला नंतर आठवलं. सासूबाई तेवढ्या तेव्हा हसल्या नव्हत्या.

तपासणीच्या दिवशी बाई अकराला येणार होत्या. खिडकीत पाच पेले होते, आदल्या संध्याकाळी निकाल लागलेले, पाचही निरुपद्रवी. नणंदेला जादा पाळी लागल्याने ते सोडायचे राहून गेले होते. मी म्हटलं, राहू देत, खिडकीला पडदा ओढू. साडेनऊला मी ठोकळ्यांचं खोकं उघडलं आणि आतून एक तपकिरी कोळी निघाला. पायांवर पट्टे दिसेनात. पाठीवर कसलासा डाग. मी पेला घातला आणि दुकानात धावले.

मामंजी गिऱ्हाईक सोडून आले. फ्रिज, दहा मिनिटं, भिंग. मी शेजारी उभी राहून मनातल्या मनात आठ, आठ, आठ असा जप करत होते. ते सरळ झाले आणि म्हणाले, “सहा.”

मामंजी प्रेमळ होते, पण खोटं बोलणं त्यांना शारीरिकदृष्ट्याच जमत नसे. गिऱ्हाइकाला एखादी फ्रेम शोभत नसेल तर ते तसं तोंडावर सांगायचे आणि फ्रेम काढून घ्यायचे. तेव्हा बाई आल्यावर ते काय करणार हे मला स्वच्छ दिसत होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पोरी, एक असला की आणखी असतात, या खोलीत लहान मुलं ठेवता यायची नाहीत, असं म्हणाले, आणि पेला परत फ्रिजमध्ये ठेवला. त्यांचेच डोळे भरून आले होते. मला रडायलाही सवड नव्हती. दाराशी तपासणीसबाई उभ्या होत्या, तासभर आधीच.

बाई उंच, रुंद आणि शांत. बगलेत फाईल. बसायला मोठी खुर्ची आणायच्या आत त्या मुलांच्या छोट्या खुर्चीवर बसल्या, गुडघे हनुवटीपर्यंत आले, तरी त्यांना त्याचं काही वाटलं नाही. मी कपातून पाणी दिलं. त्यांनी फाईल उघडली, अर्ज काढला, पेनाचं टोपण काढलं, आणि मामंजींनी घसा साफ करून सगळं सांगितलं. ठोकळ्यांचं खोकं, तपकिरी रंग, सहा डोळे.

बाईंनी विचारलं, कोळी कुठे आहे. फ्रिजमध्ये, असं आम्ही दोघांनी एकदम सांगितलं. त्यावर त्या फक्त म्हणाल्या, “आणा.”

पेला फायलीवर ठेवण्यात आला. मामंजींनी तो अलगद उचलून गारठलेल्या कोळ्यावर भिंग धरलं आणि बाईंना समजावून सांगू लागले, ही एक जोडी, ही दुसरी, ही तिसरी. तेवढ्यात सासूबाई दुकानातून हात पुसत आल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातलं भिंग काढून घेतलं. त्या घरात कोणी असं केल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. वाकल्या आणि म्हणाल्या, “वर चार, खाली चार. आठ.”

“सहा,” मामंजी म्हणाले.

“अहो, आठ.”

“तीस वर्षं डोळे तपासतोय मी.”

“माणसांचे. तिथे दोनच असतात, चुकायला वाव कमी.”

बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. मामंजींनी आवाज चढवला नाही, पण कान लाल झाले. मग दोघांनीही मला बोलावलं, तू मोज. मी भिंग धरलं. मला आठ इतके हवे होते की माझा स्वतःवरच विश्वास बसेना. पहिल्यांदा आठ दिसले, मग वाटलं आपण मनानेच मोजतोय, मग हात थरथरायला लागला आणि मला सोळा दिसले. मी तसं सांगितलं. त्यावरून वाद आणखी पेटला. नणंद पाळी संपवून नुकतीच येत होती, ती दारातूनच विचारायला लागली की सोळा डोळ्यांचा कोण आलाय.

या सगळ्या गडबडीत कोळ्याला ऊब आली. तो एकदम उठला आणि फायलीवरून तुरुतुरु निघाला, अर्जावर चढला आणि मधोमध थांबला. आम्ही सगळे पुतळे. बाई त्या इवल्या खुर्चीत, गुडघे वर, अर्ज मांडीवर, त्यांना हलायलाही जागा नव्हती. त्यांनी डोळे तेवढे खाली केले आणि अगदी खात्याच्या आवाजात विचारलं की आता सहा धरून चालायचं की आठ धरून. सासूबाईंनी रिकामा कप उचलला आणि त्याच्यावर पालथा घातला.

आता अडचण अशी झाली की कोळी कपाखाली आणि कप माझ्या अर्जावर. निकाल लागल्याशिवाय अर्ज सुटेना आणि अर्जाशिवाय परवानगी नाही. नणंदेने तोंडात रुमाल कोंबला. मला हसू येतंय की रडू हे मला कळेना, तरी मी कोळी, कप आणि अर्ज सगळं ट्रेवर घेऊन पुन्हा फ्रिजमध्ये ठेवून आले, दुधाशेजारी.

परत आले तर सासूबाईंनी मामंजींना दुकानात त्यांच्याच तपासणीच्या खुर्चीत बसवलं होतं. बाई शेजारी उभ्या. समोर अक्षरांचा तक्ता. सासूबाई म्हणाल्या, वाचा. मामंजींनी दुखावल्या स्वरात वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, कुठे अडखळणं नाही. त्यांची नजर चांगली ठरत होती, म्हणजे सहाच खरे. चौथ्या ओळीला सासूबाईंनी आपला तळवा त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर घट्ट ठेवला.

मामंजी वाचत राहिले. चौथी ओळ संपली. पाचवीतलं तिसरं अक्षर झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की अंधार झालाय.

हसण्याचा असा कडेलोट मी पुन्हा कधी अनुभवला नाही. नणंद काउंटरखाली गेली. बाहेर थांबलेलं गिऱ्हाईक काय झालं ते न कळताच हसायला लागलं. बाईंनी फाईल तोंडासमोर धरली आणि फाईल हलत राहिली. जरा शांत झाल्यावर त्यांनी तीच फाईल मामंजींपुढे धरली आणि यावर काय लिहिलंय ते विचारलं. त्यांनी मान पुढे केली, मागे केली. बरंच बारीक छापलंय, म्हणाले. ते खात्याचं नाव होतं, बोटाएवढ्या अक्षरांत.

मग मात्र कोणी हसलं नाही. सासूबाईंनी त्यांच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढलं. कधीपासून, असं त्यांनी विचारलं. दीड वर्ष झालं असेल, ते म्हणाले. सगळं दुधातून बघितल्यासारखं दिसतं. चष्मे मी आकड्यांवरून करतो, खुणा बोटांना कळतात. भिंगाखाली जरा बरं दिसायचं. तेवढंच एक बरं दिसायचं गं.

“आणि मी काय परकी होते?” सासूबाई म्हणाल्या. “सांगायचं होतं मला.”

“तू घरभर हसली असतीस.”

“हसले असतेच. आणि मग मोजून दिले असते.”

तोवर फ्रिजमधली दहा मिनिटं झाली होती. आम्ही सगळे मागच्या खोलीत परतलो, अर्ज फ्रिजबाहेर आला, कप उचलला गेला. सासूबाईंनी मोजले, मग बाईंनी मोजले, सावकाश, पेनाच्या टोकाने हवेत एकेक टिंब देत. दोघींचे आठ. पायांवर फिकट पट्टेही निघाले, नीट बघणारं कोणी नव्हतं इतकंच. मी भिंतीला टेकून खाली बसले. वाटलं, झालं, सुटलो.

बाई मात्र खिडकीकडे बघत होत्या. पडदा वाऱ्याने बाजूला झाला होता. त्यांनी विचारलं, त्या पाचांचे निकाल कोणी दिलेत.

मामंजी पुढे झाले आणि त्यांनी स्वतःच सांगितलं, मी दिलेत, आणि ते आता ग्राह्य धरू नका. मग आम्ही सगळे खिडकीशी गेलो, सासूबाई पुढे, भिंग त्यांच्या हातात. पहिल्या पेल्यात लांब काड्यांचा. जाऊ दे. दुसऱ्यात उडीवाला, आत टुणटुणत होता. तिसऱ्यात आणि शेवटच्या, पाचव्यात घरातलेच जुने ओळखीचे. चौथ्या कार्डावर नणंदेचं अक्षर होतं, ‘अंगण, कुंडीखाली. मख्ख.’ शेरा, ‘काळा, साधा. निरुपद्रवी.’ रात्रभरात त्याने पेल्यात आडवेतिडवे धागे ओढले होते आणि त्यांत तो उलटा लटकत होता. पोट वर. लकाकतं, गोल. त्यावर लाल खूण, कोणीतरी कुंचल्याने काढावी इतकी स्पष्ट.

तो पेला रात्रभर आमच्या खिडकीत होता. आम्ही पाच-पन्नास वेळा शेजारून गेलो असू, पण एकाने वाकून पाहिलं नव्हतं. आणि ज्या कुंडीखालून तो आला, तिच्यापासून चार पावलांवर मी मुलांसाठी वाळूचा हौद केला होता.

मामंजींनी विचारलं, काय आहे. सासूबाईंनी त्यांचं बोट धरून काचेवर त्या खुणेसमोर टेकवलं आणि सांगितलं, इथे लाल आहे. त्यांनी डोळे बारीक केले, दिसलं नाही, पण मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पोरी, तुझी परवानगी मीच घालवली.”

बाई परत जाऊन छोट्या खुर्चीवर बसल्या. अर्ज मांडीवर घेतला. जरा गार लागतोय, म्हणाल्या. मग त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले आणि मी जे खरं ते सांगत गेले. कुंड्या आजच उचलणार का? उचलू. बूट, खोकी, गाद्या रोज झटकणार का? रोज, मुलं यायच्या आधी. कोण बघणार? सासूबाई म्हणाल्या, मी बघणार. पेला घातला की तिथल्या तिथे, संध्याकाळची वाट न बघता. घरातला प्रत्येक माणूस वाकून बघेल, काच धुरकट झाली तर पुसू. आणि यांचे डोळे? दवाखान्यात घेऊन जाते, उद्या, हात धरून.

बाई बराच वेळ लिहीत होत्या. मग एका रकान्यापाशी पेन थांबलं. त्यांनी मान वर करून सांगितलं की या आठवड्यात त्यांनी नऊ पाळणाघरं पाहिली आणि नऊच्या नऊ जणांनी लिहून दिलं की आमच्याकडे कोळी नाही. त्यांतल्या दोन ठिकाणी छतावर त्यांना बसल्या जागेवरून जाळी दिसत होती. एवढं बोलून त्यांनी रकान्यात लिहिलं, ‘कोळी आढळले. ओळखले.’ खाली सही, तारीख आणि शिक्का. शिक्क्याच्या दणक्याने खिडकीतला उडीवाला पेल्यात उंच उडाला.

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. नणंद म्हणते, मी खात्याच्या माणसाला मिठी मारली, छोट्या खुर्चीसकट, आणि खुर्चीचा एक पाय मोडला.

लाल खुणेच्या पाहुण्याला सासूबाईंनी घट्ट झाकणाच्या बरणीत घातलं, झाकणाला बारीक भोकं पाडून. तो कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकांकडे पोचवायचा होता आणि कॉलेज बाईंच्या कचेरीला लागूनच होतं. तेव्हा बरणी त्याच घेऊन गेल्या. आम्ही सगळे रस्त्यापर्यंत पोचवायला गेलो. बस खचाखच भरलेली होती. बाई चढल्या, बरणी छातीशी धरून उभ्या राहिल्या. शेजारच्या गृहस्थाने अदबीने विचारलं असावं, कारण बाईंनी वाकून त्यांना काहीतरी सांगितलं. बस सुटली तेव्हा मागच्या काचेतून आम्हाला दिसलं, निम्मी बस पुढच्या निम्म्या बसच्या मांडीवर बसलेली, आणि बाई एकट्या, सबंध बाकावर, खिडकीकडेला, ऐसपैस.

सोमवारी सात मुलं आली.